लाटांचा अंदाज आणि आमची सहल

गोव्याच्या पेडणे तालुक्यात मांद्रे आणि मोरजी या गावांच्या मध्ये आश्वे नावाची पुळण आहे. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळूची पट्टी. ही पुळण रुंद, लांबलचक आणि उताराला सौम्य आहे. एका बाजूला काळे खडक आहेत, तेवढे सोडले तर पायाखाली वाळूच लागते. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी आमची धाकटी मुलगी तेथे नोकरीस लागली. तेव्हापासून ती मांद्र्यात खोली घेऊन राहते. आम्ही उभयता सावंतवाडीत. तासा-सव्वा तासाचे अंतर, त्यामुळे महिन्यातून एकदा डबा भरून तिच्याकडे जाणे होतेच.

एकदा तिने फोनवर सांगितले, "सुट्टीच्या दिवशी मी सर्फिंग शिकायला जाते. फळीवर उभं राहून लाटेवरून यायचं." ऐकून आम्हांस धडकीच भरली. आमच्या दोघांपैकी एकालाही पोहता येत नाही. आमच्या आईवडिलांना येत नव्हते, त्यांच्या आईवडिलांनाही नाही. यात नवल वाटण्याचे कारण नाही. खेड्यातले मूल पोहायला शिकते ते विहिरीत नाहीतर तळ्यात, कमरेला सुका भोपळा नाहीतर डबा बांधून. ज्यांना पाणवठ्याला हात लावण्याचीच मुभा नव्हती, ज्यांच्या हक्काच्या ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्यांची लेकरे पोहणार तरी कोठे? समुद्राला कोणी कुंपण घातले नव्हते हे खरे. पण समुद्रात कोणी पोहायला शिकत नाही. पाणी अंगावर घेण्याची सवय आधी गोड्या पाण्यात व्हावी लागते, आणि ती आमच्या घरांत झाली नाही. मुलगी विमानतळावर लागल्यावर पगारातून पैसे भरून तरणतलावात पोहायला शिकली. आमच्या घराण्यातली पोहता येणारी ही पहिलीच.

तिला थांबवावे की पाहावे, असा प्रश्न पडला. शेवटी पाहायला गेलो.

सकाळी सातची वेळ. शिकवणारा तरुण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा मुलगा. (आपल्या देशात या खेळात जी मुले पुढे आली आहेत, त्यांत तिकडच्या कोळीवाड्यांतली मुले पुष्कळ आहेत. ज्यांनी लहानपणापासून समुद्र पाहिला त्यांनाच तो कळणार.) त्याने आधी कोणालाही पाण्यात उतरू दिले नाही. दहा मिनिटे सगळ्यांना वाळूवर बसवून समुद्राकडे नुसते पाहायला लावले. लाट कोठे फुटते, किती लाटांनंतर मोठी येते, पाणी कोणत्या बाजूला सरकते, हे पाहा म्हणाला. मग मोबाईल काढून त्यावरचे आकडे वाचून दाखवले. नंतर फळी वाळूवर ठेवून पालथे झोपणे, हातांनी पाणी मारणे आणि एका झटक्यात उभे राहणे याची कवायत. फळी नऊ फुटांची, स्पंजासारखी मऊ, डोक्यावर आदळली तरी खोक पडू नये अशी. तिची दोरी पायाला बांधलेली. नवशिक्यांनी मोठ्या लाटेकडे जायचेच नाही. लाट बाहेर फुटून तिचा जो पांढरा फेस किनाऱ्याकडे धावतो, त्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फळीवर पडायचे. एवढे पाहिल्यावर आमची धडकी बरीच ओसरली. पण आमचे मन गुंतले ते त्या मोबाईलमधल्या आकड्यांत.

आमच्यापैकी एकाने एस.टी.त बत्तीस वर्षे काढली, त्यातली पुष्कळशी वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. कोल्हापूरहून गाडी सुटल्याचे कळले की आंबोलीच्या घाटात किती वेळ लागेल आणि स्थानकावर ती कधी लागेल, हे मनात धरूनच त्या खिडकीत बसावे लागते. लाटांचा अंदाज म्हणजे हुबेहूब हेच. लाट किनाऱ्यावर जन्मत नाही. ती कोठल्या तरी दूरच्या वाऱ्याने उठवलेली असते आणि प्रवास करत येते. वारा तेथे पडला तरी लाट थांबत नाही. तिचा मूळ मुक्काम, सुटण्याची वेळ आणि वेग कळला की पोहोचण्याची वेळ सांगता येते. हैदराबादला १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हे काम करते आणि आपल्या किनाऱ्यांचे अंदाज रोज देते. ते पाहायला एक पैसा पडत नाही. मासेमारीला जाणाऱ्यांसाठी ते आहेतच, पण तुमच्या-आमच्यासारख्या पायभर पाण्यात उभे राहणाऱ्यांनाही तितकेच उपयोगी आहेत. मात्र सहलीला निघताना पावसाचा अंदाज पाहणारे पुष्कळ भेटतात, लाटेचा पाहणारा आम्हांस तोवर एकही भेटला नव्हता.

आकडे मुख्यतः असे असतात. लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, लाटेची दिशा, आणि वारा. उंची सर्वांना कळते असे वाटते, परंतु तेथेच फसगत होते. अंदाजात 'एक मीटर' लिहिले असेल तर ती सर्व लाटांची उंची नव्हे. लाटा उंचीप्रमाणे मांडल्या तर सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच तासात एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते. म्हणजे एक मीटरच्या दिवशी आईच्या कडेवरच्या मुलाच्या डोक्यावरून जाणारी लाट येणे, यात काही अघटित नाही.

त्याहून महत्त्वाचे ते सेकंद. एक लाट गेल्यापासून दुसरी येईपर्यंत किती सेकंद लागतात, ते. पाच-सहा सेकंदांची लाट म्हणजे जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली, आखूड, आवाज फार आणि जोर कमी. बारा, चौदा, सोळा सेकंदांची लाट लांबून आलेली असते. उंची सारखीच धरली तर चौदा सेकंदांच्या लाटेत सहा सेकंदांच्या लाटेच्या दुपटीहून अधिक शक्ती असते. उथळ पाण्यात आल्यावर ती जास्त उंचावते आणि वाळूवर पुष्कळ वरपर्यंत चढते. समुद्रावर मात्र ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पाणी नुसते हळू श्वास घेत असल्यासारखे वाटते. आणि अशा लाटा थव्याने येतात. पाच-सात मोठ्या लाटा, मग दहा-पंधरा मिनिटे सगळे शांत. त्या शांततेत माणसे पुढे सरकतात.

वाऱ्याचे आम्हांस नवीन काही नव्हते. आमच्यातली जी प्राथमिक शिक्षिका होती तिने मतलई वारे आणि खारे वारे मुलांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतले आहेत. रात्री जमीन लवकर निवते म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. दिवसा जमीन तापते म्हणून दुपारी समुद्रावरून येतात ते खारे वारे. हा धडा प्रत्यक्ष पाण्यावर लिहिलेला पहिल्यांदा आश्व्याला पाहिला. सकाळी सात-आठला वारा पाठीमागून, माडांतून समुद्राकडे जात होता, तेव्हा लाटेचे अंग काचेसारखे गुळगुळीत होते आणि ती एका रेषेत फुटत होती. अकरा वाजले, वारा फिरला, आणि तोच समुद्र खडबडीत, जागोजागी फुटणारा झाला. शिकवणाऱ्याने फळ्या गोळा केल्या. मुंबई-पुण्याची मंडळी तेव्हा कोठे न्याहारी आटोपून पाण्याकडे निघाली होती.

भरती-ओहोटीसाठी तर मोबाईलचीही गरज नाही. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. आज चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. शुक्ल असो वा कृष्ण, पंधरवडा फिरला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या बाजूला अधिक जुळतो, गोव्याकडे भरती थोडी आधी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास दोन्ही कमी. शुभ-अशुभाच्या पंचांगाशी आमचा संबंध नाही हे वाचकांस सांगणे न लगे. परंतु तिथी म्हणजे चंद्राची जागा, आणि पाण्याला ओढणारा चंद्र हा काही अंधश्रद्धेचा विषय नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरमधला तेवढा भाग आम्ही अवश्य वाचतो.

हे सगळे आम्ही हौसेने शिकलो. ते एवढ्या लवकर कामी येईल असे वाटले नव्हते.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतील महिला मंडळाने सहल ठरवली. २३ मे रोजी बुद्धपौर्णिमा, तिची तयारी सुरू झाली की कोणाला सवड नाही, म्हणून रविवार ५ मे ठरला. ७ तारखेला मतदान असल्याने गाड्या मिळायला मारामार, तरी दोन टेम्पो ट्रॅव्हलर ठरल्या. ३८ माणसे, त्यांपैकी १४ मुले. कोठे जायचे, तर आश्व्याला. मुलगी तिथे आहे, आणि किनारा सपाट, 'सेफ' आहे, असे आम्हीच सगळ्यांना सांगितले होते. ३८ पैकी पोहता येणारे तिघे.

शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. हैदराबादच्या केंद्राने इशारा दिला होता. मुंबईत महानगरपालिकेनेही लोकांना आवाहन केले होते, की शनिवार ४ मे सकाळी साडेअकरापासून रविवार रात्री साडेअकरापर्यंत, ३६ तास, समुद्रात जाऊ नये. आणि लाटांची उंची किती सांगितली होती? अर्धा ते दीड मीटर. वाचणाऱ्याला हसू यावे असा आकडा. पावसाळ्यात याच किनाऱ्यावर तीन-तीन मीटरच्या लाटा येतात आणि आपण दुरून त्या पाहून परत येतो. अर्ध्या-दीड मीटरसाठी इशारा कशाला? उत्तर सेकंदांत होते. एप्रिलच्या शेवटी फार खाली, दक्षिणेच्या महासागरात, वादळी वारे वाहिले होते. त्यांनी उठवलेल्या लांब लाटा आपल्याकडे निघाल्या होत्या. केरळचे कोळी अशा समुद्राला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आपल्याकडे ना वारा, ना ढग, ना पाऊस. आणि पाणी मात्र चढून येते. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या व्यवहारातही २०१२ पासून हाच शब्द मान्य झाला आहे. कोळ्यांच्या बोलीतला शब्द शास्त्रात गेला, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो.

एस.टी.वाल्याने वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. सोळा सेकंदांच्या लाटांचा थवा खोल समुद्रातून ताशी सुमारे ४५ किलोमीटरने सरकतो, म्हणजे आपल्या साध्या गाडीच्या चालीने. दिवसाला हजार किलोमीटरहून थोडे अधिक, रात्रीचा मुक्काम नाही. दक्षिणेच्या चाळिसाव्या अक्षांशापासून गोव्यापर्यंत सहा हजार किलोमीटर धरले तर सहा दिवस. एप्रिलच्या अखेरीस सुटलेली गाडी ४-५ मेला स्थानकात लागणार, हे बरोबर जमत होते. शिवाय रविवारी कृष्ण द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे आमच्या गाड्या पोहोचतील त्याच सुमारास भरती भरत आलेली, आणि तीन दिवसांवर अमावास्या असल्याने उधाणही वाढते. सगळ्या गोष्टी एकाच सकाळी एकाच जागी येत होत्या.

शनिवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर बैठक झाली. आम्ही म्हटले, सहल पुढे ढकलू. त्यावर जो गदारोळ झाला तो सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही. एक काकी म्हणाल्या, "गाडयेचे पैशे कोण देतलो?" प्रश्न बिनतोड होता. दोन्ही गाड्यांची आगाऊ रक्कम चार हजार रुपये मंडळाच्या बचतीतून गेली होती आणि गाडीवाला ती परत देणार नव्हता. कोणी म्हणाले, आम्ही पाण्यात उतरणारच नाही, काठावरच बसू. चौदा मुले काठावर बसतील यावर ज्याने शाळेत एक तास काढला आहे तो विश्वास ठेवणार नाही. एक भाऊ म्हणाले, मोबाईलवर काय रोजच इशारे येतात. हेही अगदीच खोटे नव्हते. एका वहिनींचे बोलणे मात्र लागले. "तुमची पोरगी दर रविवारी पाण्यात असते, तेव्हा नाही समुद्र वाईट. आमची पोरं निघाली की वाईट."

त्यावर आम्ही एवढेच सांगितले, की आमची पोरगीही उद्या पाण्यात उतरणार नाही. शिकवणाऱ्याने सगळे वर्ग बंद ठेवले आहेत. ज्या दिवशी शिकवण्याचे पैसे मिळतात तो दिवस तो फुकट घालवतो आहे, यावरून काय ते समजा. शेवटी सहल रद्द झाली. चार हजारांपैकी निम्मे आम्ही घातले, निम्मे मंडळाचे बुडाले.

तरीही वसाहतीतली पाच मुले रविवारी मोटारसायकलींवर गेलीच. त्यांच्या आया दिवसभर आमच्या अंगणात येऊन-जाऊन होत्या. संध्याकाळी मुले परत आली, उन्हाने लाल होऊन, आणि सगळ्यांसमोर सांगू लागली की समुद्र एकदम शांत होता, काही सुद्धा नव्हते, लोक मजेत फिरत होते. वसाहतीतले हसे आम्हांस निमूट ऐकावे लागले. त्या मुलांनी पाहिला तो समुद्र शांतच असणार. वर लिहिले तसे, थव्यांच्या मधला दहा-पंधरा मिनिटांचा समुद्र शांतच असतो.

दुसऱ्या दिवशी, सोमवार ६ मे रोजी, कन्याकुमारी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटेने ओढून नेल्याची बातमी आली. पाचही गेले. तरुण मुले, डॉक्टर होऊ घातलेली. अशा बातमीने 'आमचे खरे झाले' म्हणावे इतके आम्ही निर्दय नाही. त्या दिवशी वसाहतीत कोणी त्याविषयी बोललेही नाही. फक्त त्या काकी रात्री येऊन थोडा वेळ बसून गेल्या.

मे महिना म्हणून असे झाले, एरवी काही होत नाही, असेही कोणी समजू नये. मुरूड-जंजिऱ्याला पुण्याच्या महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ होता. ना पाऊस, ना वादळ. सपाट, वाळूचा, ज्याला सारे जण चांगला म्हणतात असा किनारा. किनारा चांगला असतो म्हणजे काय, हे त्यानंतर तरी विचारायला हवे होते. वाळूची पुळण खडकापेक्षा बरी, कारण पडले तर लागत नाही. उतार सौम्य असला तर लाट दूर फुटते आणि तिचा जोर वाटेत जिरतो. नवशिक्यांना म्हणूनच अशा जागी शिकवतात. पण वाळू एका जागी राहत नाही. पावसाळ्यात समुद्र ती ओढून नेतो, नंतर हळूहळू परत आणून टाकतो. ओढून नेलेल्या वाळूचे पाण्याखाली उंचवटे होतात. लाट त्यांवर फुटते, फुटलेले पाणी किनाऱ्याच्या बाजूला साठते, आणि परत जायला वाट शोधते. दोन उंचवट्यांच्या मध्ये जी खाच असते तिच्यातून ते जोराने समुद्राकडे निघते. गुडघ्याएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू सरकते ती वेगळी. ही ओढ माणसाला उचलून नेते.

आणि ही जागा दिसते कशी? दोन्ही बाजूंना पांढरा फेस, मध्ये लाट फुटत नाही, पाणी गडद आणि गप्प. पोहता न येणारा माणूस नेमकी तीच जागा निवडतो, कारण तेथे लाटा नसतात. शिकवणाऱ्या तरुणाने ही जागा आम्हांस काठावरून दाखवली, तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत एक कुटुंब मुलांना घेऊन तिकडेच चालले होते. जीवरक्षकाने शिट्टी मारून त्यांना बाजूला नेले. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधे उतरायचे, नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचेच नाही, एवढे प्रत्येकाने लक्षात ठेवले तरी पुष्कळ. ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे झगडू नये. दम जातो आणि दम गेला की माणूस जातो. अंग पाण्यावर तरंगते ठेवावे, हात वर करून हाक द्यावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर आडवे जावे, कारण ओढ अरुंद असते. काठावरच्याने मागे उडी घेऊ नये. दोरी, रिकामा पाण्याचा कॅन, फळी, जे तरंगेल ते फेकावे. आपल्याकडे एक बुडाला की त्याला काढायला गेलेले दोघे बुडतात. लुगडे-साडी नेसून कमरेएवढ्या पाण्यात जाणाऱ्या भगिनींना तर आमची हात जोडून विनंती आहे. ओल्या साडीचे ओझे आणि पायांना बसणारा तिढा, दोन्ही जीवघेणे. सहलीपुरता पंजाबी ड्रेस घालावा, सासूबाईंना आम्ही समजावू.

पावसाळा सरला. मंडळाचा राग सरला असे म्हणवत नाही, पण ऑक्टोबरात पुन्हा विषय निघाला. या वेळी दिवस ठरवायला आम्हांस बोलावले. पावसाळ्यानंतर लाट लहान होते, हिवाळ्यात बहुधा मीटरच्या आत. मधूनच उत्तर-पश्चिमेकडून अरबस्तानाच्या बाजूच्या 'शमाल' वाऱ्यांच्या लाटा आपल्या किनाऱ्याला येतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. रविवार २४ नोव्हेंबर निवडला. कृष्ण नवमी, नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे आम्ही पोहोचेपर्यंत ओहोटी लागलेली आणि अष्टमी नुकतीच सरलेली असल्याने उधाण नाही. आठवडाभर आधी एकदा अंदाज पाहिला, पण भरवसा ठेवला तो गुरुवार ते शनिवारच्या अंदाजावर. लांबच्या दिवसाचा अंदाज म्हणजे गाडी सुटण्याआधीच सांगितलेली पोहोचण्याची वेळ. आणि गाडीवाल्याशी आधीच ठरवले, की शनिवारी संध्याकाळपर्यंत नाही म्हटले तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरायची. तो तयार झाला. मे महिन्यातही तयार झाला असता की काय, कोण जाणे.

या खेपेला ३१ माणसे आली. पहाटे पाचला निघालो, सातच्या सुमारास वाळूवर होतो. मुलीने सगळ्यांना बसवून दहा मिनिटे समुद्राकडे पाहायला लावले. मुले कंटाळली, बाया आपापसांत बोलू लागल्या. मग कोणीतरी मोठ्याने लाटा मोजू लागले आणि सगळेच मोजू लागले. ओढीची जागा शोधून काढली ती सातवीतल्या एका मुलीने. मुलांना कमरेपर्यंत, मोठ्यांना गुडघ्यापर्यंत अशी हद्द वाळूत काठ्या रोवून आखली, तीही जीवरक्षकाला विचारून. शिकवणाऱ्या तरुणाने दोन फळ्या फुकट दिल्या. चौघी मुली आणि तीन मुलगे पालथे पडून फेसाबरोबर काठाला आले. उभे राहणे एकालाही जमले नाही.

मग अक्का उठल्या. वय ६२, नगरपालिकेच्या झाडू खात्यातून निवृत्त. सुनेची ट्रॅक पँट घालून आल्या होत्या, त्यामुळे सकाळपासून त्यांची थट्टा चालली होती. त्या फळीवर पालथ्या पडल्या, मुलीने आणि शिकवणाऱ्याने दोन बाजूंनी फळी धरली, आणि फेस आला तशी सोडली. वीसेक हात आल्या असतील. वाळूला फळी टेकली तरी त्या उठेनात. लागले की काय म्हणून आम्ही धावलो, तर त्या हसत होत्या. नाकातोंडात पाणी, केस सुटलेले, आणि हसू थांबेना. त्यानंतर त्यांनी आणखी पाच वेळा फळी मागितली. साडेदहाला वारा फिरला तेव्हा त्यांच्या हातून ती काढून घ्यावी लागली.

ज्या वहिनींनी मे महिन्यात आम्हांस ते वाक्य ऐकवले होते, त्या या सहलीला आल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही मुली मात्र आल्या होत्या. गाडीत बसताना धाकटीने हातातली वही दाखवली. आईने तिला निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा लिहून दिल्या होत्या. बरोबर होत्या, फक्त मुंबईच्या होत्या.